काडेपेटीतल्या सहा तारा : रोडबाइकचे टायर बदलताना

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरच्या पुढे मागचं चाक पुन्हा बसलं. या महिन्यातलं तिसरं पंक्चर. पाऊस भुरभुरत होता, बाजूनं ट्रक पाणी उडवत जात होते. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली चाक काढून बसले. ट्यूब बदलायला वीस मिनिटं लागली, पण त्यातली पंधरा टायरच्या आतून बोट फिरवण्यात गेली. टोचलेली वस्तू सापडली नाही, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते, हे मागच्या वर्षी शिकले आहे. सापडली. केसाएवढी बारीक, पाच मिलिमीटर लांब तार.

शिरवळला न जाता तिथूनच परतले. घरी येईपर्यंत दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं बधिर. हे आता दर रविवारचं झालंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी नस हँडलवर दाबली जाते आणि रस्त्याची थरथर त्यात भर घालते. जाड ग्लोव्ह झाले, हँडलटेप बदलून झाली, सीट पुढे-मागे करून झाली. टायरला मात्र मी कधी हात लावला नव्हता.

सायकलसोबत आलेले ७०० × २५ चे (२५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी) टायर ५,८०० किमी चालले आहेत. मागचा मधोमध सपाट झालाय. दोन्हींवर बारीक काप आहेत, काहींतून आतलं कापड दिसतं. बदलायचेच आहेत. पण या वेळी दुकानात जाऊन “असलेच द्या” म्हणायचं नाही. डिसेंबरात एकटीनं २०० किमी करायचे आहेत. तोवर हात शाबूत राहतील आणि रस्त्यात बसावं लागणार नाही, असे टायर शोधायचे. त्यासाठी ही वही.

२४ सप्टेंबर

टायरमधून निघालेली प्रत्येक वस्तू मी जानेवारीपासून एका काडेपेटीत ठेवते आणि खोक्यावर तारीख लिहिते. आज ती टेबलावर उपडी केली.

नऊ महिन्यांत अकरा पंक्चर. सहा तारा, दोन बाभळीचे काटे, एक काच. राहिलेल्या दोन पंक्चरांची वस्तू नाही. एक खड्ड्यात चाक आपटून ट्यूब रिमवर चेपली गेल्यामुळे झालं, शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. दुसरं आतल्या बाजूनं, रिमची पट्टी सरकून स्पोकच्या भोकाची कड ट्यूबला लागल्यामुळे. अकरातली आठ मागच्या चाकाची.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं तारांनी. सहाही सातारा रस्त्यावरच्या. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचा पट्टा असतो. असा टायर महामार्गावर फुटला की त्याच्या चिंध्या वाऱ्यानं आणि वाहनांच्या झोतानं कडेला ढकलल्या जातात. त्या कुजतात, झिजतात, त्यांतून तारा सुट्या होतात. आणि आम्ही सायकलवाले नेमके पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, त्या साठलेल्या कचऱ्यातूनच जातो, कारण आत ट्रक असतात. पुढचं चाक पडलेली तार उचकटून उभी करतं, मागचं तिच्यावर जातं. शिवाय वजन मागेच जास्त. पावसाळ्यात आणखी एक भर पडते, ओल्या रबरात काच आणि तार कोरड्यापेक्षा सहज शिरते. सप्टेंबरातली तीन पंक्चर त्यातलीच.

म्हणजे माझा शत्रू काटा नव्हे. हे आधी कळलं असतं, तर काट्यांसाठीच्या जाड ट्यूबवर पैसे घालवले नसते.

२८ सप्टेंबर

किती रुंद टायर बसेल ते मोजलं. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, पुढचा फोर्क कार्बनचा, ब्रेक रिमवर लागणारे. अडचण रुंदीपेक्षा उंचीची आहे. टायर रुंद झाला की तेवढाच वरही जातो, आणि वर ब्रेकची कमान आहे.

एलन कीचा, म्हणजे षटकोनी पान्यांचा, संच घेतला आणि टायर व फ्रेम यांच्या फटीतून एकेक की सरकवली. पुढे ८ मिमीची सहज गेली. मागे ब्रेकखाली ६ ची गेली, ८ ची अडली. दोन्ही बाजूंना ६ ची मोकळी. आत्ताचा टायर व्हर्नियरवर २५.६ मिमी भरतो. २८ चा घेतला तर मागे वर चारेक मिमी उरतील. ३० ला टायरला चिकटलेली खडी ब्रेकला घासेल. ३२ चा प्रश्नच नाही. ३२ बसले असते तर मी डोळे मिटून घेतले असते, पण त्यासाठी सायकल दुसरी हवी.

तर २८. ऐकायला फरक तीनच मिलिमीटरचा. पण हवेची जागा रुंदीच्या वर्गानं वाढते. २८ चा वर्ग ७८४, २५ चा ६२५. म्हणजे पाव पटीनं जास्त हवा, आणि त्या मानानं कमी दाब ठेवूनही रिम वाचवता येते.

२९ सप्टेंबर, रविवार

पावसामुळे गेले नाही. आप्पांना सांगितलं, २८ चे टायर घेतेय. ते म्हणाले, “मग नवीन काय? आमचे अठ्ठावीसचेच होते.”

आप्पांनी कसब्यातून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तीस वर्षं सायकल मारली. त्यांच्या काळ्या सायकलचा टायर २८ × १½. मला आधी वाटलं, ते गंमत करतायत. मग माळ्यावरून त्यांचा जुना टायर काढला, बाजूवर ४०-६३५ हेही उमटवलेलं आहे. त्यांच्या २८ चा अर्थ चाकाचा बाहेरचा व्यास, इंचात. माझ्या २८ चा अर्थ टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्यांच्या टायरची रुंदी म्हणजे तो दीड इंच, जवळपास ४० मिमी. दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणारही नाही, कारण टायरची कड जिथे बसते तो व्यास त्यांचा ६३५ आणि माझा ६२२.

कोणी टायर मागवणार असेल तर हे एवढं तरी करावं. पेटीवरचं नाव विसरून जुन्या टायरच्या बाजूवरचा तो जोडआकडा वाचावा. माझ्याकडे २५-६२२ आहे, मला हवा २८-६२२. ६२२ जुळलं आणि रुंदी फ्रेममध्ये मावली की बाकी सगळं आपल्या निवडीचं.

मी आप्पांना विचारलं, तुमचे हात कधी बधिर व्हायचे का? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. ४० मिमीचा टायर, त्यात हवेचा दाब माझ्या निम्म्याहून कमी, खाली स्प्रिंगची सीट. “पाठ दुखायची,” म्हणाले, “फॅक्टरीत वाकून. सायकलवर कधी नाही.”

बेलफास्टमध्ये १८८७-८८ च्या सुमारास जॉन बॉइड डनलॉपनं हवेचा टायर केला, तोही लहान मुलाच्या तिचाकीसाठी, खडबडीत रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून. पेशानं तो गुरांचा डॉक्टर. हवेचा टायर आला तोच आरामासाठी. वेग त्यानंतर सापडला. मी मात्र चार वर्षं टायर दगडासारखा फुगवून ‘वेग’ मिळवत होते.

२ ऑक्टोबर

सुट्टी. नवे टायर घ्यायच्या आधी जुन्यांवरच एक प्रयोग केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सायकल घेतल्यापासून मी ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरते. का, तर टायरच्या बाजूवर १२० छापलंय. पण तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, सल्ल्याचा नाही. घराजवळ १.४ किमीचा उखडलेला पट्टा आहे, तोच ठरवला. आधी ११० वर तीन फेऱ्या, मग मागे ९५ आणि पुढे ८५ करून तीन. फरक पहिल्याच फेरीत हाताला कळला. आधी हँडल टणटण उडत होतं, आता नुसतं थरथरत होतं. वेळ जवळजवळ तोच, उलट दोन फेऱ्यांना काही सेकंद कमीच.

खराब रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो. ती ताकद पुढे जायच्या कामी येत नाही. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि चाक सरळ जातं. चाचणीच्या गुळगुळीत फिरत्या ड्रमवर मोजलं तर जास्त दाब चांगला दिसतो, पण आपल्याकडचा रस्ता ड्रम नाही.

२५ च्या टायरवर याहून कमी करता येणार नाही. त्या सापाच्या दोन भोकांचं पंक्चर मला पुन्हा नको.

३ ऑक्टोबर

आज घटस्थापना. संध्याकाळी आरती झाल्यावर निवडीला बसले.

पहिला पर्याय, पंक्चरच होऊ नये असा. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, ५ मिमी जाडीचा रबराचा थर असतो. ड्रॉइंग पिन घुसली तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. सामान लादून महिनोन्महिने फिरणाऱ्यांचा हा टायर, आणि त्या कामाला याहून विश्वासाचं मला काही दिसत नाही. पण एका टायरचं वजन सातशे ग्रॅमच्या वर. आणि जो थर तारेला अडवतो तोच टायरला वाकू देत नाही. मध्ये एकदा मैत्रिणीची असाच जाड पट्टा असलेली चाकं तासभर लावून पाहिली होती. निर्धास्त वाटलं, पण करंगळ्या पुन्हा झिणझिणल्या.

माझ्या मते इथेच खरी गाठ आहे. आराम टायर वाकण्यातून येतो. संरक्षण बहुतेक वेळा टायर न वाकण्यातून येतं. दुकानात दोन्ही शब्द एकाच दमात म्हणतात, पण टायरच्या पोटात ते एकमेकांशी भांडतात. तेव्हा संरक्षण जाडीतून न मिळवता धाग्यातून मिळवणारा टायर हवा.

दुसरं टोक म्हणजे कॉन्टिनेंटलचा ग्रां प्री ५०००. मऊ, हलका, जोरात पळणारा. शर्यतीसाठी उत्तम, पण बाजूचं कापड नाजूक, आणि माझ्या वाटेवर खडी आहे. त्याच कंपनीचा गेटरस्किन बाजूंनाही घट्ट जाळीनं मढवलेला असतो. त्याचं केसिंग, म्हणजे टायरचं आतलं कापड, जरा जाड धाग्याचं.

मधला सापडला तो ग्रां प्री फोर सीझन. ट्रेडखाली व्हेक्ट्रनच्या धाग्याचे दोन पट्टे, बाजूंना तीच संरक्षक जाळी, पण केसिंग बारीक धाग्याचं. व्हेक्ट्रन म्हणजे काय ते शोधलं. १९९७ साली मंगळावर पाथफाइंडर यान ज्या एअरबॅगांवर आपटत उतरलं, त्या याच धाग्याच्या होत्या. दगडांवर आपटून फाटू नये, आणि तरी घडी घालता यावी, असा धागा. मला हवं होतं ते अगदी हेच.

ट्यूबलेसचा विचार केला. बारीक भोकं आतल्या द्रवानं आपोआप बुजतात, दाब आणखी कमी ठेवता येतो. पण माझी रिम त्यासाठीची नाही, आणि जुळवून बसवलेलं काहीतरी घाटाच्या उतारावर नको.

७ ऑक्टोबर

मागवलेले टायर आले. २८-६२२, घडीचे. कडेला पोलादी तारेऐवजी अ‍ॅरामिडचा धागा असतो म्हणून घडी होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक २८१ ग्रॅम, दुसरा २७६. महाग आहेत. आप्पांना किंमत सांगितली नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजेच्या आधी टायर चढवायचं ठरवलं. जुने उतरवले, रिम ओल्या फडक्यानं पुसली, सरकलेली पट्टी काढून कापडी चिकटपट्टी नव्यानं लावली. एक पंक्चर तिच्यामुळे झालं होतं, आणि ते कुठल्याही टायरनं थांबलं नसतं.

एक कड आरामात बसली. दुसरीचा शेवटचा वीतभर भाग हटेना. अंगठे लाल झाले. मी लिव्हर हातात घेतली तशी आप्पा म्हणाले, “थांब गं, ट्यूब चिमटेल.” त्यांनी चाक मांडीवर उभं धरलं, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून दोन्ही तळव्यांनी टायर चेपत चेपत खाली आणला. कड रिमच्या मधल्या खोल घळीत उतरली की तिचा घेर लहान होतो आणि समोर ढिलाई मिळते. मी नेमकी व्हॉल्व्हच्या समोर शेवट करत होते, आणि व्हॉल्व्हपाशी त्याच्या बुडामुळे कड घळीत उतरतच नाही. दोन मिनिटांत टायर आत. वय ७८, आणि बोटांना सगळं आठवत होतं.

थोडी हवा भरून दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघितलं, मग पूर्ण भरली. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवलंय. शोभेसाठी नाही. ट्यूबला भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठे शोधायचं ते यावरून कळतं.

झेंडूची माळ हँडलला, हळदकुंकू दोन्ही चाकांना. आप्पांच्या जुन्या पान्यांचीही पूजा केली.

१३ ऑक्टोबर, रविवार

बोपदेव घाट चढून सासवड, दिवे घाटानं खाली. पहिल्या दिवशी मुद्दाम महामार्ग टाळला. उतारावर वळणात सायकल रेलते तेव्हा जुन्या सपाट झालेल्या टायरवर एक धक्का जाणवायचा, तो गेला. हात ठीक होते, पण अजून दाब नीट ठरवलेला नाही, म्हणून निष्कर्ष लिहीत नाही.

१७ ऑक्टोबर

दाब ठरवला. अंदाजानं नाही, मोजून.

वजनकाटा मागच्या चाकाखाली ठेवला, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी. भिंतीला कोपर टेकवून सायकलवर नेहमीसारखी बसले. पाण्याच्या बाटल्या, हत्यारांची पिशवी सगळं लावून. आप्पांनी आकडा वाचला, ४५. मग अदलाबदल केली, पुढे ३३.५. दोन्ही चाकांवरच्या वजनात एवढा फरक असताना मी दोन्हींत सारखीच हवा भरत होते.

अमेरिकी सायकल अभियंता फ्रँक बर्टो याचा ठोकताळा असा, की माणूस बसल्यावर टायर उंचीच्या १५ टक्के दबावा. २८ च्या टायरला ते ४.२ मिमी होतं. रिकाम्या सायकलची रिम जमिनीपासून किती, आणि मी बसल्यावर किती, हे आप्पांनी पालथं पडून व्हर्नियरनं मोजलं. मागे ८५ वर टायर कमी दबला, ७५ वर बरोबर दबला. पुढे ५६. हेच दोन आकडे सीटखाली कागदावर लिहून चिकटवले.

टायर नवा असताना २७.४ मिमी भरला होता, आज २७.९. पहिल्या काही दिवसांत कापड ताणून बसतं. ब्रेकखाली ४ ची एलन की अजून मोकळी फिरते.

२० ऑक्टोबर, रविवार

शिरवळ आणि परत. करंगळ्या शेवटच्या दहा किलोमीटरला थोड्या जड वाटल्या, बधिर नाहीत. महिन्यापूर्वी याच रस्त्यावर परतताना ब्रेकची पकड नीट कळत नव्हती. हे मी सुधारणा म्हणून नाही, सुटका म्हणून लिहिते आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

पंक्चर. नव्या टायरचं पहिलं. खेड-शिवापूरच्या अलीकडे, मागचं चाक. आतून बोट फिरवलं. तार.

वाईट वाटलं, पण घरी आल्यावर भिंगाखाली बघितलं तेव्हा कारण समजलं. पट्टा विणलेल्या धाग्यांचा असतो. काच रुंद असते, तिला आत जायला धागे कापावे लागतात आणि व्हेक्ट्रन ते कापू देत नाही. ही तार इतकी बारीक की दोन धाग्यांच्या मधून सुईसारखी निघून गेली. म्हणजे माझ्या मुख्य शत्रूपुढे कुठलाही पातळ पट्टा पूर्ण पुरा पडणार नाही.

पण तार एका क्षणात आरपार जात नाही. ती आधी रबरात रुतते आणि मग चाकाच्या प्रत्येक फेरीला कणाकणानं आत सरकते. कधी त्याला दोन-दोन दिवस लागतात. ती आत पोचायच्या आधी काढायची. आजपासून दर राइडनंतर चाक हळू फिरवून ट्रेड बघायचा आणि चिमट्यानं टोचलेलं उपसायचं. आतून तपासायला बोटाऐवजी कापसाचा बोळा. बोटाला न लागणारी तारही कापसाचा धागा धरून ठेवते, आणि बोटही वाचतं.

दुसरं, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जायचं नाही असं म्हणता येत नाही, ट्रक आहेतच. पण गाड्यांच्या चाकांखालची जागा स्वच्छ घासून निघते. जिथे मागे नजर टाकून रस्ता मोकळा दिसतो तिथे पट्टीच्या आत, नाहीतर अगदी पट्टीवरून. टायरची चिंधी दिसली की तिच्यापुढचे वीस-तीस मीटर तरी लांबून.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे ५ ला निघाले. कात्रजच्या नव्या बोगद्यातून, खंबाटकी घाट चढून, साताऱ्याच्या अलीकडून माघारी. २०४ किमी, थांबे धरून ११ तास ४० मिनिटं. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडच्या, २०० किमीला साडेतेरा तास देतात, पुढच्या वर्षी तेही जमावं.

प्रत्येक थांब्यावर चहा सांगायचा आणि तो येईपर्यंत चाक फिरवायचं. सुरूर फाट्यापाशी मागच्या टायरमधून एक तार उपसली. अर्धी बाहेर होती. हवा गेली नाही. चहावाल्यानं विचारलं, काय शोधताय ताई? त्याला दाखवली. त्यानं तळहातावर घेऊन बघितली आणि म्हणाला, एवढीशी?

परतीच्या वाटेवर उखडलेला सेवारस्ता आला तेव्हा हँडलच्या वरच्या भागावर हात सैल ठेवून बसले. १८० किमीनंतर. करंगळ्या मला जाणवत होत्या.

८ डिसेंबर

चाकं काढून सावकाश तपासणी. मागच्या टायरवर १,४१२ किमी. पाच काप, एकाही कापातून कापड दिसत नाही. तिथली खडी सुईनं काढली. बोळा आतून पूर्ण फिरवला, कुठे अडकला नाही. पुढचा जवळजवळ नवा.

मागचा सपाट झाला की पुढचा काढून मागे लावायचा आणि नवा पुढे. नुसती अदलाबदल करायची नाही, झिजलेला टायर पुढे नको. पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही.

काडेपेटीतल्या सहा तारांत नवी एक घातली. सुरूरच्या तारेसाठी आप्पांनी वेगळी पेटी दिली. म्हणाले, ती निराळी ठेव, तिनं पंक्चर केलेलं नाही.